सात घरं मागे

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, ६ जुलै २०२५

सुनंदा,

वर 'चि.' लिहावं, 'सौ.' लिहावं की नुसतंच नाव, यातच अर्धा तास गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तू माझा फोन अडवून ठेवला आहेस म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून फाडणार असशील तर फाड, पण वाचून फाड. काल जे झालं ते मी इथे कोणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर लोक हसतील. एरवी मलाही हसू आलं असतं.

बाबांची एक निळी वही आहे, तुला माहीत नसेल. २०१९ साली ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि वॉकर धरून घरातल्या घरात फिरणं एवढंच त्यांच्या हातात उरलं. तेव्हापासून ते त्या वहीत लिहीत. प्रत्येक पानावर सगळ्यात वर एकच शब्द: ङुरंमा. त्याखाली तारीख आणि दोन-तीन ओळी, त्याही तसल्याच. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी, अक्षर कोर्टाच्या कागदावर असायचं तसं वळणदार, आणि अर्थ म्हणशील तर काही नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "काही नाही बेटा, टाइमपास." पस्तीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. मला वाटलं, डोकं थकलं.

ते गेल्यावर मी ती वही आपल्या देवळातल्या गुरुजींना दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, ङ ने आपल्या भाषेत एकही शब्द सुरू होत नाही, म्हणजे हा बीजमंत्र. तुमच्या वडिलांना कोणा सिद्धपुरुषाकडून मिळाला असणार. बोभाटा करू नका, जप करा.

मी जप केला. वही देव्हाऱ्यात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, आणि गेली अडीच वर्षं रोज सकाळी आंघोळ झाली की माळ घेऊन एकशे आठ वेळा 'ङुरंमा' म्हणते. ताप असला तरी चुकवलं नाही.

आता कालचं. चिक्कडपल्लीला एका हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी आम्हा म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात, फोनवर कोणी गंडवू नये म्हणून. शिकवणारी सुमेधा हायटेक सिटीत नोकरी करते आणि सुट्टीचा दिवस आमच्यावर वाया घालवते. माझ्या शेजारी पंचफुलाबाई बसतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, मूळच्या परभणीकडच्या, जिभेला हाड नाही. काल सुमेधा म्हणाली, पासवर्ड कोणाला सांगू नका असं सगळे बजावतात, पण मजकुराला कुलूप लावतात म्हणजे काय करतात, ते कोणी दाखवत नाही. मी दाखवते.

तिने एक स्प्रेडशीट उघडली. म्हणजे चौकटींचा मोठा तक्ता. एका चौकटीत ३ लिहिलं. ही चावी, म्हणाली. खाली एक फॉर्म्युला घातला. आपण शब्द लिहायचा, आणि फॉर्म्युला त्यातलं प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे ढकलतो. अक्षरं संपली की पुन्हा क पासून. काना-मात्रेला हात लावत नाही. कोणीतरी शब्द सांगा म्हणाली, तर पंचफुलाबाई शेजारून ओरडल्या, "पुरणपोळी." सुमेधाने बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: भुळदभोशी.

सगळा हॉल हसला. मी हसले नाही. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी आणि अर्थ काही नाही. हे मी रोज देव्हाऱ्यात बघते.

मी हात वर केला आणि माझा शब्द सांगितला. ङ कुठे असतो ते त्या पोरीला कीबोर्डवर सापडेना. "चावी माहीत आहे का आंटी? नाही ना? मग सगळ्याच लावून बघू. असून असून छत्तीस तर आहेत." तिने अक्षरं मागे ढकलणारा फॉर्म्युला लिहिला, खाली ओढला आणि छत्तीस ओळी भरल्या. सगळ्या निरर्थक. आठव्या ओळीवर पंचफुलाबाईंनी बोट ठेवलं.

"शुनंदा. ह्ये शुनंदा कोन हो बाई? बोबडं लेकरू बोलायलंय की काय?"

मी म्हटलं, असं नाव नसतं.

आणि मग मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. तीस वर्षं ग्रंथालय खात्यात कार्डं लावली, क्रम चुकलेला मला बघवत नाही. कॉम्प्युटरच्या यादीत ळ मधेच ल च्या शेजारी बसवलेला, आणि खाली टिंब दिलेली तीन अक्षरं, जी आपल्या कोणाच्या बापाने लिहिलेली नाहीत. मी चिडून म्हटलं, आम्ही शाळेत असं शिकलो नाही. ष, स, ह, आणि मग ळ. सुमेधा म्हणाली, "सांगा तुम्ही, मी तशी लावते." मी क पासून ळ पर्यंत चौतीस अक्षरं सांगितली, तिने तक्ता बदलला, ओळी पुन्हा भरल्या.

सातव्या ओळीत तुझं नाव होतं. बोबडं नाही. सुनंदा.

अडीच वर्षं, रोज सकाळी एकशे आठ वेळा, मी तुझं नाव घेते आहे. सोवळ्याने, देवासमोर. तू धम्मानंदांशी लग्न करून गेलीस त्या दिवशी ज्या घरात ठरलं की हे नाव पुन्हा निघायचं नाही, त्याच घरात.

बाबांनी जाईपर्यंत तुला काही कळवलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. मग ही वही कशाला लिहिली, ते माझ्या डोक्यात शिरत नाही. तुझ्या शिरत असेल तर दोन ओळी लिही.

निर्मला

*

नल्लकुंटा
मंगळवार, १५ जुलै २०२५

सुनंदा,

तुझं उत्तर नाही. माझं पत्र नांदेडला पोचलं असं पोस्टाच्या साइटवर दिसतं. पंचफुलाबाईंनी त्यांच्या फोनवर काढून दाखवलं.

सात का, ते मला आठवलं. तुला सातव्या वर्षी गोवर आला होता. मागच्या खोलीत तुला एकटीला ठेवलं होतं आणि तू रडून घर डोक्यावर घेत होतीस. बाबा ऑफिसातून आले की दाराच्या फटीतून तुला चिठ्ठ्या सरकवायचे. अक्षरं सात घरं पुढे ढकललेली, तू सात घरं मागे मोजून वाचायचीस आणि आतून खिदळायचीस. मला म्हणाले होते, "निर्मल, ये, तुलाही शिकवतो." मी म्हटलं, मला मॅट्रिकचा अभ्यास आहे. चौदा वर्षांची होते, पण तोरा मात्र चाळिशीतल्या बाईचा. तेव्हा पाच मिनिटं काढली असती तर परवा चारचौघांत असा धक्का बसला नसता.

कोठीच्या बाजारात जाऊन मी एक जुना लॅपटॉप विकत घेतला आणि वही उघडायला बसले. काम साधं आहे. बाबांची ओळ टाइप करायची, एका चौकटीत एक अक्षर, एकाखाली एक. शेजारच्या चौकटीत फॉर्म्युला. तो ते अक्षर आपल्या चौतीस अक्षरांत शोधतो, सात घरं मागे जातो आणि तिथलं अक्षर उचलून आणतो. काना-मात्रा सापडली तर तशीच सोडतो. एक चौकट उघडली की तिच्या कोपऱ्यातला ठिपका माउसने धरायचा आणि खाली ओढायचा. ओढत जाशील तसं बाबा बोलायला लागतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उठून गॅलरीत गेले. खाली बोनालूच्या जत्रेचे ढोल वाजत होते, त्यांच्याकडे बघत उभी राहिले, पण काही दिसत नव्हतं.

ते काय बोलले असतील असं समजतेस? ऐक.

"आज उपम्यात मीठ नाही. बोललो नाही."

"सुनंदा उपमा चांगला करायची. नववीत असताना एकदा करपवला, तोही चांगला लागला."

"मेघना आता बारावीत असेल. शाखा कोणती घेतली, विचारायचं कोणाला."

तुझ्या मुलीचं नाव मी त्यांच्यासमोर एकदाच घेतलं होतं, ती झाली तेव्हा. त्यांनी पेपर वर धरला आणि वाचत राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही. आणि हा माणूस ती कितवीत असेल ते मोजत बसला होता.

मला राग आला आहे, सुनंदा. खरं सांगते, दुःख नंतर, आधी रागच आला. तीन वर्षं त्यांचं हागणं-मुतणं मी काढलं. रात्रीचं जेवण मऊ करून भरवलं. लग्न केलं नाही ते जाऊ दे, ते त्यांच्यासाठी नव्हतं, पण लोक तसंच म्हणतात आणि मी म्हणू देते. त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत, मी दिलेल्या पेनने, मला कळू नये म्हणून असं लिहावं? घरात दोघंच. म्हणजे हे कुलूप चोरासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं.

पंचफुलाबाईंना एवढंच सांगितलं की वडील माझ्यापासून लपवून लिहीत. त्या म्हणाल्या, "मानूस उगंच नाही लपवत बाई. भ्या असतंय म्हनून लपवतंय." मी त्यांच्याशी शनिवारभर बोलले नाही.

पानं अजून बरीच आहेत. एक छोटी ओळ तारखेसकट पुन्हा पुन्हा येते. ती काही नीट लागत नाही. माझी टायपिंगची चूक असेल.

निर्मला

*

नल्लकुंटा
सोमवार, २१ जुलै २०२५

सुनंदा,

मागच्या पत्रात एक ओळ लागत नाही म्हटलं होतं. ती पहिल्याच दिवशी लागली होती.

परवा वर्ग सुटल्यावर मी हॉलमध्येच लॅपटॉप उघडून बसले होते. पान दुसरंच, २०२० सालचं. ठिपका धरून खाली ओढला आणि जे आलं ते बघून माझा हात माउसवरच राहिला. पंचफुलाबाई पिशवी भरता भरता वाकून बघायला लागल्या. त्यांचा आवाज तुला माहीत नाही, चाळीस वर्षं हेडफोन लावून बोललेल्या आहेत, त्यांना हळू बोलता येत नाही.

"पत्र टाकत नाही. कोन टाकत नाही हो पत्र?"

मी पटकन वरच्या चौकटी तळहाताने झाकल्या आणि म्हटलं, पोस्टमन.

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. झाकलेल्या चौकटींत माझं नाव होतं, ते त्यांनी आधीच वाचलं होतं. मग त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. पहिल्या शनिवारी त्यांनी 'जयभीम' म्हणून डबा पुढे केला होता तेव्हा मला अचानक उपास आठवला होता, आणि त्यांना तो खोटा आहे हे कळलं होतं. तरी दर शनिवारी धरतात. आता मी खाते. परवा मात्र डबा तसाच परत केला.

आज इतकंच लिहिते. मला दोन-चार दिवस लागतील.

निर्मला

*

नल्लकुंटा
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

सुनंदा,

आज वर्गाला गेले नाही. हे पत्र लिहून होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

बाबांनी तुला पाच पत्रं लिहिली. तू दर दिवाळीला पाठवायचीस त्या कार्डावरून पत्ता उतरवून घेत, पाकीट बंद करत, तिकीट स्वतः चिकटवत आणि माझ्याकडे देत. पडल्यापासून त्यांना खाली उतरता येत नव्हतं आणि फोनवर ऐकू येत नव्हतं. माझ्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मी चपला घालून निघायचे, पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे. ते विचारायचे, "टाकलं का बेटा?" मी म्हणायचे, "हौ बाबा."

एकही टाकलं नाही.

पहिलं मी फोडून वाचलं. डिसेंबर २०१९. त्यात होतं, "झालं ते माझ्या हट्टामुळे झालं. धम्मानंदांना सांग, मी त्यांची माफी मागतो. मला येऊन घेऊन जा. थोडे दिवस तुझ्याकडे राहीन, मेघनाला बघेन." मी 'थोडे दिवस' वाचलंच नाही. मला दिसलं ते एवढंच की हा माणूस तुझ्याकडे जाणार, तिथे जावई, नात, गजबज, तिथून परत कशाला येईल, आणि या दोन खोल्यांत मी. अठ्ठावन्न वर्षांची. सकाळी चहा केला तर तो कोणासाठी. उरलेली चार फोडली नाहीत. त्यांतही तेच असणार, आणि पुन्हा वाचायची माझी हिंमत नव्हती.

हे मी स्वतःशी असं कधीच म्हटलं नाही. स्वतःशी मी म्हणायचे की बाबांची तत्त्वं आहेत, म्हातारपणात डगमगतात, आपण सांभाळायला हवं. १९९४ साली ते तुला उंबऱ्यावर जे बोलले, जात काढून बोलले, ते मी मागे उभी राहून ऐकलं होतं आणि मला पटलं होतं. नंतर त्यांचा राग विरला. माझा विरला नाही, आणि मी तो त्यांच्या नावाने चालू ठेवला. कोरोनात तू फोन केलास. "बाबा माझं काही म्हणतात का गं ताई?" असं विचारलंस. मी म्हटलं, नाव काढत नाहीत. त्या दिवशी माझ्या खणात तुझी तीन पत्रं होती.

शेवटचे चार दिवस दवाखान्यात होते. ग्लानीत 'सुनी, सुनी' म्हणत होते. नर्सने विचारलं, "सुनी कौन है अम्मा, बुलाओ ना." मी म्हटलं, कोई नहीं. तुला बाराव्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "मला माफ न करताच गेले." मी गप्प राहिले. तुझं वाक्य खोडायला मला एक शब्द पुरला असता.

आता वहीतलं. जे वाचून मी त्या दिवशी तळहाताने चौकटी झाकल्या ते, आणि त्यापुढचं. जसं आहे तसं उतरवते.

"३ फेब्रुवारी. भिंग शोधत होतो. निर्मलाच्या कार्डांच्या खणात माझं पत्र सापडलं. फोडलेलं. परत तसंच ठेवलं. निर्मला पत्र टाकत नाही."

"४ फेब्रुवारी. बोललो नाही. बोललो तर ती कुठे तोंड दाखवेल. तिला माझ्याशिवाय कोण आहे."

"१९ मार्च. दुसरं पत्र दिलं."

ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ हीच. पत्र दिलं. पत्र दिलं. त्यांना माहीत होतं, सुनंदा. पहिल्या पत्रानंतर दोन महिन्यांत त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी आणखी चार लिहिली, चारही माझ्या हातात दिली, आणि मी भाजी घेऊन आले की विचारलं, टाकलं का बेटा. मी खोटं बोलते आहे हे माहीत असताना माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्यांना फसवत होते असं मला वाटत होतं. ते मला सांभाळत होते.

शेवटच्या पत्राची तारीख १४ नोव्हेंबर २०२२. त्या दिवशीची ओळ: "पाचवं दिलं. एखादं टाकेल."

हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. गॅस चालू ठेवून खाली गेले होते, शेजारच्या रंजनाने येऊन बंद केला. त्यांनी एकदा ओरडायला हवं होतं. खण माझ्यापुढे उपडा करायला हवा होता. मी रडले असते, भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी टाकलं असतं. बहुतेक टाकलं असतं. हेही मी आता तुला खात्रीने सांगू शकत नाही, कारण माझ्या सांगण्याची किंमत काय ते या पत्रात लिहिलेलंच आहे.

निर्मला

*

नल्लकुंटा
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

सुनंदा,

या पाकिटात निळी वही आहे आणि बाबांची पाच पत्रं. एक फोडलेलं, चार बंद. तिकिटं पिवळी पडली आहेत, पण त्यांनी चिकटवली तशीच आहेत. वहीवर हळदकुंकवाचे डाग आहेत, त्याला इलाज नाही.

वहीतलं शेवटचं पान तू वेगळं बघ. २९ डिसेंबरचं आहे, दवाखान्यात नेलं त्याच्या आधीच्या आठवड्यातलं. इतर पानांवर दोन-तीन ओळी असायच्या, हे दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं आहे. वर नेहमीचा शब्द, पण त्यापुढे पत्रात घालतात तसा स्वल्पविराम. पाचही पत्रं माझ्या खणात गेल्यावर त्यांनी सहावं असं लिहिलं, जे माझ्या समोर असूनही माझ्या हाती लागणार नाही.

मी ते टाइप करायला घेतलं. खोटं कशाला बोलू. तीन दुपारी बसून दोन्ही बाजू चौकटींत भरल्या, हजारावर चौकटी झाल्या. काल पंचफुलाबाई घरी आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आहे, आधी खोटं बोलले तेही. त्या शेजारी बसल्या. मी पहिल्या शब्दापुरता फॉर्म्युला लावला. सुनंदा, आणि पुढे स्वल्पविराम. मग ठिपका धरला. खाली ओढलं की झालं.

"ओढा की," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मला वाचायचं होतं. तुला कल्पना नाही किती वाचायचं होतं. माझ्याबद्दल काय लिहिलं असेल. लिहिलं तरी असेल का. सुमेधा सांगते की हे अगदी कच्चं कुलूप आहे, खऱ्या कुलपांना अशा कोट्यवधी चाव्या लागतात, हे कोणीही पाच मिनिटांत उघडेल. माझ्याकडे तर चावीही होती, आणि पानही, आणि कोणी अडवणारं नव्हतं. बाबांचं पहिलं पत्र फोडलं तेव्हाही नेमकं असंच होतं.

मी ठिपका सोडला. सगळ्या चौकटी पुसल्या, फाइलही काढून टाकली. पंचफुलाबाई म्हणाल्या, "पुसलं कामून? तीन दिस बसलाव की." मी म्हटलं, माझं नाही ते. त्यावर त्यांनी उठून चहा ठेवला.

तेव्हा ते पान तू वाच. तुला तक्ता लागणार नाही, तू बोटांवर मोजायचीस. त्यात काय आहे ते मला सांगू नकोस. कधी सांगावंसं वाटलंच तर ते तुझ्यावर आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. तो शब्द बाबांनी तुमच्यासाठी लिहिला होता आणि मी तो साडेपाच वर्षं खणात ठेवला, आता त्याच पाकिटात माझा घालणं बरं दिसणार नाही. धम्मानंदांना माझा नमस्कार सांग. हा नमस्कार मी त्यांना पहिल्यांदाच करते आहे, हे त्यांच्या लक्षात येईल. मेघनाने कोणती शाखा घेतली, ते मला अजून माहीत नाही.

वही परत पाठवू नकोस. जपाला मला ती लागत नाही. जप चालू आहे, फक्त आता सरळ म्हणते.

निर्मलाताई

ता. क. पोस्टाची पावती पाकीट दिल्यावर मिळते, त्यामुळे ती आत घालता येत नाही. माझा नंबर तू अडवला आहेस, म्हणून पंचफुलाबाईंच्या फोनवरून तिचा फोटो तुला पाठवते. टाकलं, असं मी या घरात पाच वेळा सांगितलं आहे. या वेळी पावती बघ.